क्रेडिट म्हणजे नेमके किती तास?

आपल्या धंद्यात एस्टिमेट चुकलं तर निदान कळतं तरी. चार दिवसांच्या कामाला आठ लागले की कुठल्यातरी शीटमध्ये लाल रंग दिसतो, मग बोलणी बसतात. विद्यापीठातलं क्रेडिट हेही एक एस्टिमेटच. फक्त त्याच्या शेजारी 'प्रत्यक्षात किती लागले' हा रकानाच नसतो.

युरोपात वर्षाची ६० क्रेडिट्स आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास. तास विद्यार्थ्याचे बरं का, मास्तरांचे नाहीत! वर्ग, लॅब, परीक्षेआधीचं जागरण, सगळं त्यात धरलेलं.

आपल्याकडे यूजीसीने २०१५ मध्ये ठरवलं ते असं: आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलला मात्र त्यासाठी दोन तास. लेक्चरमागे घरचा अभ्यास असतो, प्रॅक्टिकल तिथल्या तिथे संपतं, असा एकूण समज दिसतो. इंजिनिअरिंग केलेला कोणीही यावर हसेल. जर्नल कोण लिहितं मग? सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलचे दिवे काय उगाच जळतात?

२०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला १२०० तास, ४० क्रेडिट्स, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास आले. चांगलं झालं, निदान विद्यार्थ्याचा वेळ मोजायला घेतला. पण गणित करून बघा. १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये आठवड्याला दोन तास लॅब, म्हणजे ३० तास. संपलं! न चालणारा प्रोग्रॅम, जर्नल, व्हायव्हाची तयारी यांच्यासाठी उरले शून्य. ज्याला घरी जाऊन फक्त अभ्यासच करायचाय त्याचं निभावतं. पण बदलापूरहून लोकलने येऊन संध्याकाळी कुठेतरी काम करणाऱ्या पोराने हे कागदावर नसलेले तास आणायचे कुठून?

'तास मोजून शिक्षण होतं का?' असं कोणी म्हणेल. नाही होत. रिकर्शन एकाला दहा मिनिटांत कळतं, दुसऱ्याला आठवडा लागतो. पण किती शिकला ते सांगायला ग्रेड आहे, क्रेडिटने सरासरी ओझं तरी खरं सांगावं.

त्यासाठी फार काही लागत नाही. सेमिस्टर संपताना प्रत्येक विषयाला एकच प्रश्न विचारा, आठवड्याला किती तास गेले? पोरं फुगवून सांगतील, मान्य. (आपण टाइमशीट काय वेगळी भरतो?) म्हणून टोकाचे आकडे सोडून मधला घ्या आणि नोटीस बोर्डावर लावा. एका क्रेडिटच्या लॅबला ६० तास निघाले, तर दोन क्रेडिट्स द्या, नाहीतर हाताने जर्नल उतरवणं बंद करा.

माझं मत जर्नलच्या विरोधात.