दुहेरी पकड : आधी हिशेब, मग झडप

देहूरोड (प्रतिनिधी) - येथून जवळच्या बालेवाडीत २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे नमवून प्रो कबड्डीचे विजेतेपद पटकावले. प्रतिस्पर्ध्याला २३ गुणांवर रोखणाऱ्या बचावाचे मोल त्यातून अधोरेखित झाले. मात्र एकावर अनेकांनी झडप घालणे नेहमीच शहाणपणाचे नसते. बास्केटबॉलमध्ये एकावर दोघे धावले, की उरलेले चार प्रतिस्पर्धी तिघांच्या वाट्याला येतात. कबड्डीत चढाईपटू निसटला, तर त्याच्या संपर्कात आलेला प्रत्येक बचावपटू बाद होतो. त्यामुळे तो खोलवर शिरून मध्यरेषेपासून दुरावला, तरच साखळीने तुटून पडावे. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरल्यास यशस्वी पकडीला दोन गुण मिळतात. लोण तसाही जवळ आलेला असल्याने तेथे धोका पत्करणेच रास्त ठरते.