छायाचित्राआधीचा अर्धा तास

काही वर्षांपूर्वी दहावीतील एका मुलाला घेऊन त्याची आई माझ्याकडे आली. तक्रार डोकेदुखीची होती. तपासणीत विशेष काही आढळले नाही. चष्म्याचा क्रमांक मात्र वर्षभरात बराच वाढलेला होता. बोलता बोलता मातेने खरे दुखणे सांगितले. "डॉक्टर, दर रविवारी हा पहाटे उठतो आणि मामाचा जुना कॅमेरा घेऊन सिरपूरच्या तलावावर जातो. परीक्षा तोंडावर आली आहे. आता तुम्हीच याला दोन शब्द सांगा."

मी सांगितले. वडीलकीच्या सुरात सांगितले की, तलाव कुठे पळून जात नाही, पक्षी पुढल्या हिवाळ्यातही येतील. वर्षभर कॅमेरा कपाटात ठेव. मुलाने मान खाली घालून "बरं, डॉक्टरकाका" एवढेच म्हटले. त्याने माझा सल्ला तंतोतंत पाळला. परीक्षेत गुणही चांगले मिळाले. पुढे एका प्रमाणपत्रासाठी तो आला, तेव्हा मी हसत विचारले, "काय रे, कॅमेरा बाहेर निघाला की नाही?" तो म्हणाला, "नाही काका, आता कंटाळा येतो."

त्या उत्तराने मी अस्वस्थ झालो. ज्या मुलाची दृष्टी हाताएवढ्या अंतरावरील अक्षरांत दिवसाचे चौदा तास अडकलेली होती, त्याला आठवड्यातून एकदा मोकळ्या उजेडात, दूरवर, आपखुशीने पाहायला लावणारी एकच गोष्ट होती; आणि तीच मी वैद्यकीय सल्ल्याच्या अधिकाराने काढून घेतली होती. ही चूक माझ्या एकट्याच्या हातून झाली असेल असे मला वाटत नाही. म्हणूनच आपल्या स्मरणिकेच्या निमित्ताने या विषयावर मोकळेपणाने लिहावेसे वाटले.

तरुण मुलांच्या निसर्ग-छायाचित्रणाविषयी आपल्या पिढीचा मुख्य आक्षेप असा, की ही मुले जंगल पाहतच नाहीत, फक्त टिपतात. आमच्या वेळी छत्तीस छायाचित्रांचा रोल दोन सहलींना पुरवावा लागे. आज एकाच झाडासमोर तीनशे वेळा कळ दाबली जाते आणि घरी पोहोचण्यापूर्वीच ती चित्रे मोबाइलवरून गावभर होतात. आक्षेप खोटा नाही. त्याला शास्त्रीय आधारही आहे. अमेरिकेतील फेअरफिल्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी काही विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयातून फिरवले. काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितल्या, काहींची छायाचित्रे घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली, तेव्हा छायाचित्र घेतलेल्या वस्तू विद्यार्थ्यांना कमी आठवत होत्या. 'कॅमेऱ्याने पाहिले आहे, आता मी लक्षात ठेवण्याची गरज नाही', असे जणू मेंदूने ठरवून टाकले होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा एवढाच भाग सर्वत्र सांगितला जातो.

परंतु त्याच अभ्यासाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ज्या विद्यार्थ्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ आणून ते बारकाईने टिपायला सांगितले होते, त्यांची स्मृती कमी झाली नाही. इतकेच नव्हे, तर चौकटीबाहेर राहिलेला भागही त्यांना चांगला आठवत होता. एका अभ्यासावरून सिद्धान्त मांडू नये, हे आपण सर्व जाणतोच. तरीही माझ्या अनुभवाशी तो जुळतो. दोष कॅमेऱ्याचा नाही. कळ दाबण्यापूर्वी मन तेथे होते की नव्हते, हा खरा प्रश्न आहे. खंड्याने पाण्यात सूर मारतानाचे एक चित्र मिळवायचे, तर मुलाला आधी अर्धा तास त्याच फांदीकडे पाहत बसावे लागते. खंड्या कुठून येतो, मासा आपटतो कसा, वारा सुटला की जागा का बदलतो, हे सारे त्या अर्ध्या तासात कळते. चित्र हे त्या अर्ध्या तासाचे निमित्त आहे.

पाहण्याचे हे शिक्षण इंदूरला नवे नाही. विष्णू चिंचाळकर गुरुजी वाळकी पाने, काटक्या, बिया, टाकाऊ वस्तू हाती घेत आणि त्यांतला पक्षी, चेहरा, प्राणी मुलांना दाखवीत. वस्तूत आकार आधीपासूनच होता. गुरुजी फक्त पाहायला शिकवीत. आज एखादी मुलगी मोबाइलवर सागाच्या जाळीदार झालेल्या पानाचे चित्र दाखवते, तेव्हा मला गुरुजींची आठवण होते.

मग आजच्या मुलांना जंगल म्हणजे काय वाटते? आमच्या पिढीचे जंगल बरेचसे पुस्तकांतून आले. व्यंकटेश माडगूळकरांचे नागझिरा आणि मारुती चितमपल्लींचे अरण्य वाचून आम्ही इंदुरात बसून विदर्भातल्या पाणवठ्यांवर जाऊन आलो. उरलेले जंगल पातालपाणीच्या सहलीत आणि चोरलच्या घाटात पाहिले. आजच्या मुलांची ही वाट पुष्कळ अंशी बंद झाली आहे. मराठी वाचन सुटले, आणि सहलीला शिकवणीच्या वेळापत्रकातून सवड नाही. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना विचारत असतो. त्यांची उत्तरे निरनिराळी असली तरी एक सूर सारखा ऐकू येतो. तिथे कोणी टक्केवारी विचारत नाही. तिथे आपल्या मनासारखे होत नाही, पण त्याबद्दल कोणी रागावतही नाही. एक चौदा वर्षांची मुलगी मला म्हणाली, "पक्षी उडून गेला तर तो माझा दोष नसतो, काका." या वाक्यात आजच्या किशोरवयाचे केवढे ओझे आहे, हे वेगळे सांगायला नको. जेथे प्रत्येक अपयशाचा हिशेब मुलाच्या नावावर मांडला जातो, अशा जगात रान ही निरपराध अपयशाची जागा आहे.

यासाठी कान्हा किंवा ताडोबा गाठावे लागते, असेही नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जगप्रसिद्ध वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१८ साली दहा वर्षांखालील गटात जालंधरचा अर्शदीप सिंग पहिला आला. त्याचे चित्र होते कपूरथळ्याजवळ रस्त्याकाठच्या एका पाइपातून डोकावणाऱ्या दोन पिंगळ्यांचे. वडिलांना मोटार थांबवायला लावून त्याने ते खिडकीतून टिपले. २०२१ साली त्याच गटात बंगळूरचा विद्युन हेब्बर पहिला आला. त्याने टिपला होता भिंतीच्या फटीतला एक कोळी, आणि मागच्या इंद्रधनुषी रंगछटा होत्या रस्त्याने जाणाऱ्या रिक्षाच्या. दोघांनाही दुर्मीळ प्राणी भेटला नव्हता. जेथून हजारो माणसे रोज जातात तेथे ते थांबले, एवढेच.

अर्थात नाण्याची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ३१ डिसेंबर २०२४ रोजी विदर्भातील उमरेड-पवनी-करहांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडवून धरली. पर्यटक चित्रे घेत होते. ती दृश्ये सर्वत्र पसरली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे पाहायला लोटणारी गर्दी वाहनांच्या दिव्यांनी ज्या अंधाराची नासाडी करते, त्या अंधारातच काजव्यांचे मीलन व्हायचे असते. या वाहनांत मुले असतात, पण वाहन पुढे घ्यायला सांगणारे मोठेच असतात, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या रालामंडलच्या टेकडीवर होळकरांच्या काळातील शिकारगाह आजही उभी आहे. त्या टेकडीभोवतीचे जंगल १९८९ साली अभयारण्य झाले. क्षेत्रफळ अडीच चौरस किलोमीटरांहूनही कमी. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घ्यावी, हा विचार आपल्याकडे मांडणाऱ्यांत वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन अग्रभागी होते. रात्रीच्या वाघांची चित्रे घेऊन त्यांनी १९२७ साली त्यावर पुस्तक लिहिले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदूक खाली ठेवली गेली. पण शिकाऱ्याचे मन खाली ठेवले गेले का? सफारीहून परतलेल्याला आपण पहिला प्रश्न विचारतो, "वाघ मिळाला का?" हा प्रश्न शिकारगाहीतलाच आहे. मुले तो आपल्याकडून शिकतात. त्यापुढे लाखाची लेन्स, स्पर्धा, बक्षीस, मोबाइलवरील पसंतीचे आकडे येतात, आणि जी एक गोष्ट शिकवणीच्या जगाबाहेर होती तीही शिकवणीसारखीच होऊन बसते. पालकांच्या हौसेपासून या छंदाला वाचवणे, हे मला जनावरापासून मुलाला वाचवण्याइतकेच निकडीचे वाटते.

उलट, कॅमेरा साक्षीदार झाला तर काय घडू शकते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला गावाबाहेर जावे लागत नाही. आपल्या इंदूरचे छायाचित्रकार व कलावंत भालू मोंढे आणि त्यांचे सहकारी सिरपूर तलावासाठी वर्षानुवर्षे झटले. मोंढे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०२२ साली सिरपूर आणि यशवंतसागर या दोन्ही पाणथळ जागांचा रामसर यादीत समावेश झाला, आणि जानेवारी २०२५मध्ये इंदूर व उदयपूर ही रामसर कराराखाली 'पाणथळ शहर' म्हणून मान्यता मिळालेली भारतातील पहिली दोन शहरे ठरली. पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर या तरुणीने उरणच्या पाणजे पाणथळीवर चित्रपट केला, आणि २०२० साली लंडनच्या त्याच स्पर्धेत तिच्या काजव्यांच्या चित्राची गौरवाने नोंद घेतली गेली. जागेवर प्रेम जडले की चित्र त्या जागेचे रक्षण करू लागते. पण ते प्रेम जडायला पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी जावे लागते. वर्षातून एकदा केलेल्या सफारीने ते होत नाही.

आता वैद्यकीय बाजू. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. बारा शाळांपैकी सहा शाळांत रोज चाळीस मिनिटे मोकळ्यावर घालवण्याचा जादा तास ठेवला होता. तीन वर्षांत तेथे ३०.४ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी आली. इतर सहा शाळांत ३९.५ टक्के मुलांना. एकदा लागलेला चष्मा उन्हात फिरल्याने उतरत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावे. पण तो लागणे लांबवण्याचा याहून स्वस्त उपाय माझ्या माहितीत नाही. 'मुलांना बाहेर पाठवा' असे आपण सांगतो खरे, पण बाहेर जाऊन करायचे काय, हे सांगत नाही. किशोरवयीन मुलाला घसरगुंडीवर पाठवता येत नाही. त्याला बाहेर जाण्यासाठी स्वतःचे कारण लागते. कॅमेरा हे असे कारण आहे. साधा मोबाइलचा कॅमेराही पुरेसा आहे.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. मूल वजन-उंचीसाठी, लसीसाठी, डोकेदुखीसाठी आले की त्याला विचारा, "गेल्या आठवड्यात बाहेर काय पाहिलेस?" त्याने चित्र दाखवले, तर 'छान' म्हणून परत करू नका. "हे टिपण्याआधी किती वेळ बसला होतास? नंतर काय झाले?" असे विचारा. या दोन प्रश्नांनी चित्रापेक्षा पाहणे मोठे आहे, हे मुलाला न सांगताच कळते.

दुसरी विनंती आपल्या संस्थेला. दरवर्षी आपण मुलांसाठी स्पर्धा घेतोच. एक वर्ष छायाचित्रांचे प्रदर्शन भरवावे, पण त्यात क्रमांक नसावेत. प्रत्येक चित्राखाली मुलाने पाच ओळी मराठीत लिहाव्यात: स्थळ, वेळ, किती थांबलो, तो जीव काय करीत होता आणि आपल्यामुळे तो बुजला का. घरट्यांची चित्रे घेऊ नयेत, कारण घरट्याजवळ माणूस रेंगाळला की पिलांच्या जिवाला धोका होतो. ज्यांना लांब जाता येत नाही त्यांनी आपल्या गल्लीतल्या एकाच झाडाचे बारा महिन्यांत बारा वेळा चित्र घ्यावे. १४ जुलै २०२४ रोजी आपल्या शहरात एका दिवसात बारा लाखांवर रोपे लावल्याचा विक्रम नोंदला गेला. त्यातील एकेका रोपाला दर महिन्याला भेटणारे एकेक मूल मिळाले, तर विक्रमापेक्षा अधिक काही हाती लागेल.

तो मुलगा आता शिक्षणासाठी बाहेरगावी आहे. कॅमेऱ्याचे काय झाले, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही. परंतु त्या दिवसापासून माझ्या सल्ल्यात एक बदल झाला आहे. दहावी-बारावीच्या मुलांच्या चिठ्ठीवर औषधांच्या खाली मी एक ओळ लिहितो: 'रविवारी सकाळी दोन तास बाहेर. कॅमेरा न्यावा.' काही पालक ती वाचून हसतात, काही नाराज होतात. औषधाच्या दुकानात ती ओळ कुणाच्या उपयोगाची नाही. पण चिठ्ठी हातात घेताना मुलांचे डोळे तेवढ्याच ओळीवर थांबतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.