तिच्या नाताळात तिची पाळी कोण घेणार?

डिसेंबर लागला की पनवेलच्या ग्रुपांवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, फार्महाऊसचे थर्टी फर्स्टचे रेट. दुसरी, कुठल्या तरी आदिवासी वाडीवरचा एखाद्या गोऱ्या मुलीचा फोटो, आणि खाली ओळ: "हे लोक इथं नक्की कशाला येतात? जागे व्हा!"

पहिल्यावर मी काही बोलणार नाही. ज्याचा त्याचा खिसा. दुसऱ्यावर मात्र बोलणार आहे आणि जरा लांबण लागणार आहे. कंटाळा असेल त्यांनी इथूनच रजा घ्या.

आधी कायद्याचं बोलू, कारण ग्रुपवरच्या वकिलांनी "टुरिस्ट व्हिसावर सेवा म्हणजे गुन्हा" असं जाहीर करून टाकलंय. ई-टुरिस्ट व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना, एक पैसाही न घेता, स्वयंसेवी काम करता येतं. त्याहून जास्त राहून नोंदणीकृत संस्थेत बिनपगारी काम करायचं तर एम्प्लॉयमेंट व्हिसा घ्यावा लागतो. आणि परदेशी माणूस मुक्कामाला आला की ठेवून घेणाऱ्यानं २४ तासांच्या आत त्याची माहिती भरायची असते. म्हणजे सरकारला कळवायची रीतसर सोय आहे. जबरदस्तीनं किंवा आमिष दाखवून धर्म बदलायला लावल्याचा पुरावा तुमच्याकडे असेल तर पोलीस ठाण्यात जा, तक्रार द्या, मी बातमी करतो. पुरावा नसेल तर एका पोरीचा फोटो चारशे माणसांत फिरवणं याला जागरूकता म्हणत नाहीत.

आता ती कशाला येते ते सांगतो. तालुक्यातल्या एका संस्थेत अशी एक मुलगी मला भेटली होती. संस्थेचं नाव घेत नाही, मुलीचंही नाही. एकोणीस वर्षांची, जर्मनीची. त्यांच्याकडे २००८ पासून 'वेल्टवेर्ट्स' नावाची सरकारी मदतीची योजना आहे. १८ ते २८ वयाची मुलं त्यात साधारण वर्षभर दुसऱ्या देशात जाऊन काम करतात. ही ऑगस्टमध्ये आली. पुढच्याच महिन्यात गणपती. कोकणातला गणपती म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. संस्थेतले अर्धेअधिक कामगार माणगाव, महाड, पोलादपूर, रत्नागिरीकडे गेले. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात रात्रपाळीला उरल्या एक मावशी आणि ही पोरगी. दिवाळीत पुन्हा तेच.

मग तिचा सण आला. जर्मनांकडे मोठा सण २४ डिसेंबरच्या संध्याकाळी असतो. त्या संध्याकाळी ती काय करत होती? एका आजींना पेज भरवत होती. आजींनी विचारलं, "तुझ्या घरी कोन कोन हाय गं?" ती मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, बाबा, लहान भाऊ." आजी म्हणाल्या, "मग आज तू हितं कशाला?" ती म्हणाली, "पाळी माझी आहे."

बस्स. ना बायबल, ना प्रवचन. तिच्या सणाला तिची पाळी घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून ती तिथं होती. आपल्या दोन सणांना तिनं आपली पाळी घेतली, तिच्या एका सणाला आपल्यातला एकही गेला नाही. माझं भांडण एवढ्यासाठीच आहे.

संशय घेणारे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला आहे सत्कारवाली मंडळी, आणि ती जास्त गोड, म्हणून जास्त वाईट. २६ जानेवारीला हिलाच स्टेजवर बोलावून शाल, श्रीफळ दिलं. फ्लेक्सवर तिच्यापेक्षा भाऊंचा फोटो मोठा. "सातासमुद्रापारहून आलेली सेवेची मूर्ती" वगैरे भाषण झालं. नंतर मी तिला विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "शाल छान आहे. रविवारी कोणी मदतीला येईल का?" त्या रविवारी कोणी गेलं नाही. पुढच्याही नाही.

संशय काय आणि सत्कार काय, दोन्हींचा उपयोग एकच. आपल्याला हात लावायला लागत नाही. संशय घेतला की काम वाईट ठरतं, सत्कार केला की काम देवमाणसांचं ठरतं. आपण दोन्हीकडून मोकळे.

हे आजचं नाही. आनंदवन आठवा. १९५० च्या दशकात बाबा आमटे कुष्ठरुग्णांना घेऊन माळरानावर भाजी पिकवत होते आणि वरोऱ्याचे लोक ती विकत घेत नव्हते. मग सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे कितीतरी देशांतले तरुण तिथं येऊन राहिले, रुग्णांबरोबर खपले, त्यांच्याबरोबर जेवले, दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या. ते बघून वरोरेकरांची भीती गेली. म्हणजे आपल्याच माणसानं आपल्याच मातीत पिकवलेली वांगी खायला आपल्याला परक्याची साक्ष लागली. हा अभिमानाचा प्रसंग म्हणून सांगतात. मला तर त्याची लाजच वाटते.

आणि "परदेशात जाऊन कोण फुकट सेवा करतं, काहीतरी डाव असणारच" म्हणणाऱ्यांनी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवावेत. १९३८ च्या सप्टेंबरात पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून बोटीनं चीनला निघाले, जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर उपचार करायला. त्यातले हे एक. तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी परतले नाहीत. पाच दिवाळ्या घराबाहेर गेल्या. ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले, वय ३२. चिनी लोक आजही त्यांना मानतात. कोटणीस गेले की ते थोर, आणि कोणी आपल्याकडे आलं की त्याचा डाव? हे गणित मला कोणीतरी समजावून सांगा.

आता प्रामाणिक आक्षेपाकडे येतो. सगळे परदेशी स्वयंसेवक काही संत नसतात. पैसे भरून दोन आठवड्यांचं 'अनाथाश्रम पॅकेज' घेणारेही असतात. पोरांना मांडीवर घेऊन फोटो काढायचे, लळा लावायचा, निघून जायचं. पोरं मागे रडतात. हे बंद झालंच पाहिजे. मुलांमध्ये काम करणाऱ्याची पोलीस पडताळणी झालीच पाहिजे, मग तो बर्लिनचा असो की खांदा कॉलनीचा. पण मग वाढदिवसाला केक घेऊन आश्रमात जाणाऱ्या, पंधरा मिनिटं थांबून रील टाकणाऱ्या आपल्या मंडळींचं काय? तेही पॅकेजच आहे की.

आपल्याकडे मदतीला धावणारी माणसं नाहीत असं मी म्हणणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. मशिनं वर चढवता येत नव्हती, तेव्हा भर पावसात ट्रेकर पोरं, चौक परिसरातली गावकरी मंडळी चिखलातून वर गेली, हातानं माती उपसली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. त्या पोरांना माझा दंडवत आहे. पण दरड कोसळली की धावणं वेगळं आणि मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता एखाद्याची जखम धुणं वेगळं. पहिलं आपल्याला येतं. दुसऱ्याला आपण परदेशातून माणूस येण्याची वाट बघतो.

कॉलेजांत एनएसएस आहे, १९६९ पासून. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. बरीच शिबिरं याच डिसेंबर-जानेवारीत होतात. चांगली योजना आहे. पण किती शिबिरांत रस्ता झाडण्याचा फोटो, पथनाट्य आणि समारोपाच्या भाषणापलीकडे काही होतं? प्राध्यापक मंडळी, रागावू नका, उत्तर द्या. हेच तास वर्षभर दर शनिवारी एकाच वॉर्डात का देता येत नाहीत?

जागा शोधायला तर लांब जायला नको. नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे, पनवेलपासून अर्ध्या तासाच्या आत. गोवा हायवेला कर्नाळा ओलांडला की ताऱ्याला युसुफ मेहेरअली सेंटर आहे. ते उभं करणारे स्वातंत्र्यसैनिक डॉ. जी. जी. परीख २ ऑक्टोबर २०२५ ला शंभरी पार करून गेले. श्रद्धांजलीच्या पोस्ट आपण सगळ्यांनी टाकल्या. नाताळच्या सुट्टीत पळस्प्यापासून गाड्यांची रांग लागते ती याच ताऱ्यावरून पुढे अलिबाग-गोव्याला जाते. किती गाड्या तिथं आत वळतात?

२५ डिसेंबर २०२५ ला, ऐन नाताळात, आपल्या दारातल्या विमानतळावरून पहिली विमानं उडाली. आता जग पनवेलला उतरणार, असं आपण छाती फुगवून सांगतो. उतरू दे की. पण उतरणाऱ्यांत कोणी वर्षभर आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करायला आलं असेल, तर त्याला आपण काय देणार, फॉरवर्ड की शाल?

माझं म्हणणं साधं आहे. महापालिकेनं आणि कॉलेजांनी मिळून एक यादी करावी. तालुक्यातल्या कुठल्या संस्थेला कुठल्या सणाला किती माणसं कमी पडतात, ते त्यात लिहावं. गणपतीत ख्रिश्चन, मुसलमान, बौद्ध शेजाऱ्यांनी पाळी घ्यावी, नाताळात आणि ईदेला आपण. संस्थांनीही आधी फोन करून येणाऱ्यांना नीट शिकवून कामाला लावावं, "सर, दोन शब्द बोला" म्हणू नये. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही, उद्घाटन तर नकोच.

ती यादी व्हायची तेव्हा होईल. या २४ ला संध्याकाळी सहा ते दहा मी एका वॉर्डात पाळी घेतोय. संस्थेशी बोलणं झालंय, आणखी चार माणसं चालतील म्हणाले. केक आणू नका, कॅमेरा आणू नका. जुने कपडे घालून या. कोण येतंय ते खाली लिहा. आणि ज्यांना माझ्याशी भांडायचंय त्यांनीही लिहा, फक्त २५ नंतर.