अम्मीच्या फोनची चावी कुणाकडे?

गेल्या वर्षी रमजान ईदला मी अम्मीसाठी नवा फोन घेतला आणि माझा दोन वर्षं वापरलेला जुना फोन धाकट्या बहिणीला दिला. सोलापूरला घरी पोचलो आणि चहा होईपर्यंत दोन्ही फोन ‘लावून’ मोकळा झालो. अम्मीच्या फोनमध्ये माझंच गूगल खातं टाकलं, तिचं वेगळं काढत बसायचा कंटाळा केला. पिन माझ्या जन्मसालाचा. अम्मीला विचारलं तर ती म्हणाली, “मेरेकू क्या समझता वो सब? तूच डाल दे.” मलाही तेच सोपं होतं. बहिणीच्या फोनमध्ये तर काहीच करावं लागलं नाही. माझं खातं त्यात होतंच, ते तसंच राहिलं.

महिन्याभराने पुण्यात बसून मी माझ्या फोनमधले फोटो चाळत होतो. मध्येच कोल्हापूरच्या एका नर्सिंग कॉलेजचं फीचं पत्रक दिसलं. मग हॉस्टेलच्या खोलीचा फोटो, मग अर्ध्या भरलेल्या अर्जाचे स्क्रीनशॉट. बहिणीच्या फोनमधलं सगळं माझ्या खात्यात येऊन पडत होतं. पुढच्या रविवारी घरी गेलो आणि दस्तरखानावर सगळ्यांसमोर हसत विचारलं, “क्यों गे, कोल्हापूरकू जारी क्या तू?” अब्बांचा घास हातातच राहिला. बहीण एवढंच म्हणाली, “मैंच बोलनेवाली थी भाई अब्बाकू. तू पहलेच बोल दिया.”

शिष्यवृत्ती किती मिळेल, कुठल्या मैत्रिणीबरोबर राहता येईल, घरी यायला कोणती गाडी आहे, हे सगळं जुळवून मग तिला अब्बांशी बोलायचं होतं. माझ्या चेष्टेमुळे तिला तयारीशिवाय उत्तरं द्यावी लागली. त्या वर्षीचा अर्ज राहून गेला.

यात कुणी हॅकर नव्हता, कुणी फसवलं नव्हतं. एका भावाने बहिणीला फोन दिला होता आणि त्याची चावी नकळत स्वतःच्या खिशात ठेवली होती. म्हणून हा लेख मित्रांनो, विशेषतः तुमच्यासाठी आहे. कारण आपल्या घरांमध्ये नवा फोन आला की तो ‘लावून देणारे’ आपणच असतो.

फोन नक्की कुणाचा?

पैसे कुणी दिले यावरून फोन कुणाचा ते ठरत नाही. त्यात खातं कुणाचं, पिन कुणाला माहीत, सिम कुणाच्या नावावर आणि ओटीपी कुणाकडे येतो, यावरून ठरतं. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. हा आकडा वाचून आपण हळहळतो. पण ज्या बायकांच्या हातात फोन आहे, त्यांच्यापैकी कितीजणींना आपला पासवर्ड माहीत आहे, हा प्रश्न आपल्याच घरात विचारून बघा.

मला त्याचं उत्तर लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी मिळालं. अम्मीच्या आधारला नंबर माझा जोडलेला. ती सोलापुरात सेवा केंद्रासमोर रांगेत, मी पुण्यात कामावर, फोन लॉकरमध्ये. ओटीपी काही मिनिटंच चालतो. दुपारच्या सुट्टीत मी फोन बघितला तोपर्यंत तीन ओटीपी येऊन गेले होते आणि अम्मी घरी परत गेली होती. पैसे तिचे, आधार तिचं, अंगठाही तिचा, पण दरवाजा उघडायला मुलगा हवा. आधार केंद्रावर जाऊन तिचा स्वतःचा नंबर जोडायला एक सकाळ लागली. ती सकाळ मी तीन वर्षांपूर्वीच काढायला हवी होती.

सुरक्षितता म्हणजे काढून घेणं नव्हे

यावर लगेच येणारं उत्तर मला माहीत आहे. “जमाना खराब आहे. बायकांचा फोन आपल्या नजरेखाली असलेला बरा.” ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो चढवून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. त्यात पत्रकार होत्या, वकील होत्या, विद्यार्थिनी होत्या. त्या दिवसांत अनेक घरांत मुलींना सांगितलं गेलं की फोटो काढून टाका, अकाउंट बंद करा.

लिलाव मांडणाऱ्यांना याहून वेगळं काय हवं होतं? त्यांनाही या मुली गप्प बसलेल्याच हव्या होत्या. ‘बुल्ली बाई’ प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटक केली, ती त्या स्त्रिया स्वतः पुढे येऊन बोलल्या, तक्रारी केल्या म्हणून. तक्रारीला स्क्रीनशॉट लागतो, लिंक लागते, तारीख-वेळ लागते. जिचा फोन घरच्यांनी काढून घेतला, तिच्याकडे पुरावा कुठून येणार? आणि काही वाईट घडलं की फोन जाणार हे जिला माहीत आहे, ती घरात सांगेल का? ब्लॅकमेल करणारा नेमका याच शांततेवर जगतो.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. सरकारने आपल्या फोनमध्ये डोकावू नये असं आपण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. मग बहिणीच्या फोनमध्ये डोकावताना आपला तर्क का बदलतो?

एक तास, आणि फोन तिच्या हातात

तर नवा फोन आला की एक तास काढा. पहिला नियम, फोन तिच्या हातात राहील. तुम्ही शेजारी बसून सांगायचं, बोट तिने लावायचं.

फोन जुना असेल तर आधी त्यातून आपलं खातं काढा, मग फॅक्टरी रिसेट करा, मगच द्या. मी हेच केलं नव्हतं. नवा असेल तर खोक्यावरचा आयएमईआय नंबर आणि बिल जपून ठेवा. *#०६# दाबलं की तो नंबर फोनवरही दिसतो. फोन चोरीला गेला तर सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर याच नंबराने तो बंद करता येतो. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही तिथेच कळतं. तिच्या नावावर तिला न विचारता काढलेलं एखादं सिम निघालं, तर ते तिथूनच कळवता येतं.

मग तिचं स्वतःचं खातं, तिच्या स्वतःच्या नंबरवर. पिन सहा आकडी, तिने निवडलेला. तो टाकताना तुम्ही मान फिरवा. “विसरले तर?” असं ती विचारेल. वहीत लिहून कपाटात ठेव म्हणा. सुरक्षाशास्त्राच्या पुस्तकांना हे आवडणार नाही, पण अम्मीच्या कपाटातली वही मुलाच्या डोक्यातल्या पिनपेक्षा तिच्या जास्त हाताशी असते. लॉक असताना मेसेजचा मजकूर पडद्यावर दिसणार नाही अशी सेटिंग करा, नाहीतर ओटीपी कुणीही वाचू शकतो.

व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. प्रोफाइल फोटो आणि ग्रुपमध्ये जोडण्याची परवानगी फक्त ओळखीच्या नंबरांना ठेवा. मग तिला ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून दाखवा. आपलं व्हॉट्सॲप आणखी कुठल्या कॉम्प्युटरवर उघडं आहे ते तिथे दिसतं. सायबर कॅफेचं मशीन सापडेल, कदाचित भावाचा लॅपटॉपही सापडेल. तरीही दाखवा. किंबहुना म्हणूनच दाखवा.

ॲप परवानगी मागतं तेव्हा एकच प्रश्न विचारायला शिकवा: याला हे कशाला हवं? टॉर्चला कॉन्टॅक्ट कशाला? नमाजाच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपला दिवसभर लोकेशन कशाला? हे काही उगाच खुसपट नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ने बातमी दिली की ‘मुस्लिम प्रो’ हे जगभर वापरलं जाणारं ॲप लोकेशनची माहिती ‘एक्स-मोड’ या कंपनीला देत होतं आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. आपण थेट लष्कराला माहिती विकली नाही, असं ॲपने सांगितलं आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. नमाजाच्या वेळेसाठी शहराचं नाव पुरतं. किब्ला बघायचा असेल तर ‘फक्त ॲप वापरताना’ ही परवानगी पुरे.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपबद्दल कॉलेजातल्या भावाबहिणींनाही सांगा. ही ॲप्स कॉन्टॅक्ट आणि फोटो उचलतात, मग हप्ता चुकला की बदललेले फोटो नातेवाइकांना पाठवण्याची धमकी देतात. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग बघू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलं आहे. जे ॲप ते मागतं, ते तिथेच काढून टाका.

भीतीचा फोन

सगळ्यात जास्त वेळ मात्र फसवणुकीच्या सरावाला द्या. लग्नाची पत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. ती उघडून ॲप घातलं की ओटीपीचे मेसेज चोराच्या हाती लागू शकतात. पत्रिका फोटोत किंवा पीडीएफमध्ये येते, ती ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही, हे एकदा समजावलं की पुरतं. तसंच यूपीआयचं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

आपल्या मोहल्ल्यांत खरा घाव घालतो तो ‘डिजिटल अरेस्ट’चा फोन. वर्दीतला माणूस व्हिडिओ कॉलवर सांगतो, तुमच्या मुलाच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, कॉल कट केला तर अटक होईल, कुणाला सांगू नका. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. पण ज्या आईने शेजारच्या पोराला रात्री उचलून नेताना पाहिलंय, तिला कायद्याचं पुस्तक आठवत नाही, स्वतःचं पोर आठवतं. ठग हेच हेरतो. म्हणून “घाबरू नकोस” एवढं सांगून भागत नाही. घरात सराव करा. मी दुसऱ्या खोलीतून अम्मीला फोन करून आवाज बदलून धमकावलं. पहिल्यांदा ती रडवेली झाली. दुसऱ्यांदा तिने कट केला. तिसऱ्यांदा म्हणाली, “मैं मेरे बेटेकू पूछके बोलती,” आणि खरंच माझ्या नंबरवर फोन लावला. एवढंच यायला हवं: कट कर, ओळखीच्या नंबरवर विचार, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन कर. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. हा नंबर तिच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा.

फोटोवरून कुणी धमकावत असेल तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अश्लील मजकुराची तक्रार नाव न सांगताही करता येते. आणि हे सगळं मुलीला सांगताना एक वाक्य जोडा: काहीही झालं तरी तुझा फोन कुणी काढून घेणार नाही. हे वाक्य बोललात तर पाळावं लागेल, हेही लक्षात ठेवा.

“अम्मीला जमणार नाही,” असं मीही म्हणायचो. जी बाई भिशीचा बारा जणींचा हिशेब तोंडी ठेवते, तिला सहा आकडे का जमणार नाहीत? तिला कुणी शिकवत नव्हतं, कारण शिकवण्यापेक्षा करून देणं आपल्याला सोयीचं होतं. त्या सोयीत थोडी सत्ताही होती, हे मला बहिणीने दाखवून दिलं.

यंदा तिने कोल्हापूरचा अर्ज पुन्हा भरलाय. स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या खात्यातून. तो कधी भरला, मला कळलंही नाही. अब्बांशी बोलून झाल्यावर तिनेच मला सांगितलं.