पाव किलोचा प्रश्न

मंडळी, सध्या आमच्या घरात एकच विषय चालू आहे, सूनबाईचा नवा लॅपटॉप. तिचे काम फिरतीचे. वर्तकनगरहून बसने ठाणे स्टेशन, पुढे लोकल, मग दिवसभर ग्राहकांची ऑफिसे. नोकरी नाही, स्वतःचा व्यवसाय. त्यामुळे लॅपटॉप बंद पडला की त्या दिवसाची कमाईही बंद.

थिंकपॅड घ्यायचा हे ठरले आहे. आयबीएमने १९९२ साली आणलेले हे नाव २००५ पासून लेनोवोकडे आहे. वाद आहे तो त्यातल्या दोन घराण्यांचा: एक्स-वन कार्बन की टी-१४? कार्बन जेमतेम किलोभर. टी-१४ साधारण पाव किलोने जड, पण सहसा स्वस्त. नातू म्हणतो, "आजी, गर्दीत पाव किलोही जाणवतो गं!" खरे आहे त्याचे.

तरीही माझे मत टी-१४ला. कार्बनमध्ये रॅम मुख्य बोर्डावर कायमची जोडलेली असते. घेताना १६ जीबी घेतली की शेवटपर्यंत १६च. टी-१४च्या २०२४च्या पाचव्या पिढीत रॅमसाठी दोन स्लॉट आहेत. आज १६ घ्या, गरज पडली की वाढवा. याच पिढीला आयफिक्सिट या दुरुस्तीवाल्या मंडळींनी १० पैकी ९ गुण दिले. गुण म्हटले की माझ्यातली शिक्षिका जागी होते! बॅटरी, कीबोर्ड सहज बदलता येतात, म्हणून ते गुण. आणि फिरतीच्या कामात आधी थकते ती बॅटरीच.

घेताना मात्र पूर्ण नाव वाचा. त्याच पिढीच्या टी-१४एसमध्ये रॅम पुन्हा कायमचीच. एका अक्षराचा फरक!

मग पाव किलोचे काय? थोडे ओझे दुसरीकडून कमी करता येते. हे लॅपटॉप टाइप-सी चार्जरवर चालतात, त्यामुळे फोनचा चार्जर वेगळा न्यायला नको. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी खुशाल कार्बन घ्यावा, त्यात माझा वाद नाही. पण दुरुस्त करता येणे हा गुण आपण दुकानात विचारतच नाही. वजन, रंग, स्क्रीन एवढे बघतो आणि चार वर्षांनी अख्खी वस्तू टाकून देतो. हे मला पटत नाही.

असो. शेवटी ओझे सूनबाईच्या खांद्यावर, तेव्हा निवडही तिचीच. तुमच्यापैकी कोणी यातले काही वापरत असाल तर जरूर कळवा. तिला वाचून दाखवेन.