गळ्याची गाठ आणि घरातली कुजबुज

शाळकरी मुलीची वेणी घालताना आईच्या बोटांना गळ्यापाशी गाठ लागते. दुखत नाही, ताप नाही, म्हणून दोन-चार महिने तसेच जातात. पुढे तपासणीत थायरॉईडचा कॅन्सर निघतो, फुप्फुसांतही त्याचे ठिपके दिसतात. ‘पसरलाय’ हा शब्द कानी पडताच घर हातपाय गाळून बसते. मग कुजबुज सुरू होते. कुणी म्हणते, आता कशाला कापाकापी? कुणी म्हणते, कुणाला सांगू नका, उद्या पोरीचा निकाह व्हायचा आहे. अशी घरे आम्ही पाहिली आहेत, म्हणून या महिन्यात याच विषयावर बोलायचे ठरवले.

मुलांच्या थायरॉईड कॅन्सरची चाल मोठ्यांपेक्षा वेगळी असते. तो मुलांत क्वचितच होतो. पण झाला तर मानेच्या गाठींत आणि फुप्फुसांत मोठ्यांपेक्षा लवकर पोहोचतो. तरीही त्याच्या नेहमीच्या प्रकारात, म्हणजे पॅपिलरी कॅन्सरमध्ये, योग्य उपचार मिळालेल्या शंभरातील पंचाण्णवहून अधिक मुले दीर्घकाळ जगतात. फुप्फुसांत पसरलेल्यांपैकीही बहुतेक जण मोठे होतात, शिकतात, कामधंदा करतात. काहींच्या फुप्फुसांतील ठिपके पूर्ण जात नाहीत, पण वर्षानुवर्षे शांत राहतात.

याचा मोठा दाखला चेर्नोबिलचा आहे. 26 एप्रिल 1986 रोजी तिथली अणुभट्टी फुटली. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडले, गाईच्या दुधातून मुलांच्या पोटात गेले आणि थायरॉईडमध्ये साठले. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत, अपघातावेळी लहान असलेल्यांमध्ये 2005पर्यंत या कॅन्सरचे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांतील मृत्यू तोवर पंधरा होते.

असे का, याचे काही उत्तर जनुकांत आहे. मोठ्यांत बहुधा ‘बीआरएएफ’ नावाच्या जनुकात एका अक्षराची चूक होते. मुलांत मात्र ‘आरईटी’ किंवा ‘एनटीआरके’ हे जनुक तुटून भलत्याच जनुकाला जोडले जाते. अशा गाठी लवकर पसरतात, पण मुलांच्या गाठी सहसा थायरॉईडचा मूळ स्वभाव सोडत नाहीत, आयोडीन ओढून घेतात. म्हणून ऑपरेशननंतर किरणोत्सारी आयोडीनचा डोस देऊन पसरलेल्या पेशी मारता येतात. आयोडीनला दाद न देणाऱ्या गाठींसाठी आता लॅरोट्रेक्टिनिब, सेल्परकॅटिनिब अशी नेमक्या त्या बिघाडावरची औषधे आहेत. त्यासाठी गाठीची जनुक तपासणी करावी लागते. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर अनेक दशके थायरॉईड कॅन्सरवर आयोडीनचे उपचार करत आले आहे.

आता दोषारोपाविषयी. वर सांगितलेला बिघाड गाठीतच घडतो, तो आईबापांकडून आलेला नसतो. मेड्युलरी नावाचा प्रकार निराळा. त्यात सदोष ‘आरईटी’ जनुक आईकडून किंवा वडिलांकडून येऊ शकते आणि प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. एका पालकाकडून आले तरी पुरते, त्यामुळे चुलत-मामे नात्यातल्या लग्नावर खापर फोडण्यात अर्थ नाही. भावंडांची रक्त तपासणी मात्र जरूर करावी. ज्याच्यात दोष निघेल त्याची थायरॉईड कॅन्सर होण्याआधीच काढता येते. आजार लपवणारे घर नेमकी ही संधी घालवते.

घरात सांभाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. आयोडीनच्या डोसआधी काही दिवस आयोडीनयुक्त मीठ आणि समुद्राची मासळी बंद असते. कोकणातल्या घरांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. डोसनंतर सांगितलेले दिवस मुलीला धाकट्या भावंडांपासून दूर ठेवावे, पण तिला वाळीत टाकल्यासारखे वाटू देऊ नये. थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर उपाशीपोटी घ्यायची असते. मुलगी रोजे धरण्याएवढी असेल तर रमजानमध्ये गोळी सहरीच्या आधी घ्यावी की रात्री, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. निकाहाची काळजी वाटत असेल तर हेही डॉक्टरांनाच विचारावे. आयोडीननंतर काही महिने गर्भधारणा टाळावी लागते, पण पुढे बहुतेक मुलींच्या संसाराला आणि मातृत्वाला हा आजार आड येत नाही.

भगिनींनो, मुलांच्या गळ्यातली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पण मुलांच्या थायरॉईडमधील गाठ कॅन्सरची निघण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे. म्हणून गाठ लागली की सोनोग्राफी करून घ्या आणि डॉक्टरांनी सांगितले तर सुईची तपासणीही करा. दुआ जरूर मागा, आणि पुढच्या तपासणीची तारीखही चुकवू नका.