बंद खोलीतील वनौषधी आणि सीएफएल दिवा

औषधालयाच्या मागच्या खोलीत फळीवर चार-सहा कुंड्या मांडून, वर पांढऱ्या उजेडाचे सीएफएल दिवे टांगून तुळस, ब्राह्मी, मंडूकपर्णी वाढवावी काय आणि त्या पानांचा स्वरस रुग्णास द्यावा काय, हा प्रश्न आमच्या व्यवसायबंधूंत अधूनमधून निघत असतो. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शहरातील वैद्याला अंगण उरलेले नाही. ताजे द्रव्य वेळेवर मिळत नाही, आणि बाजारातील वाळलेल्या मालाविषयी काय बोलावे हे वाचकांस ठाऊकच आहे. अशा स्थितीत दिवा लावून घरच्या घरी वनस्पती पिकविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तरीही आमचे मत आरंभीच स्पष्ट करतो. दिव्याखाली रोप जगविता येते, ओळखीसाठी सांभाळता येते. परंतु औषध म्हणून योजावयाचे द्रव्य तेथे पिकवू नये. आणि दिवा लावायचाच असेल, तर तो आता सीएफएल असू नये.

प्रथम उजेडाचा हिशेब पाहू. २३ वॅटचा सीएफएल साधारण १५०० ल्यूमेन प्रकाश देतो. खोक्यावर ‘१०० वॅटच्या बल्बइतका’ असे छापलेले असते, त्यामुळे अनेकांचा समज असा होतो की रोपालाही तितकेच भरघोस काही मिळते. तुलना जुन्या तारेच्या बल्बशी आहे, सूर्याशी नव्हे. असा उघडा दिवा पानांपासून एक वीत अंतरावर धरला, तर पानावर सुमारे अडीच हजार लक्स पडतात. अंतर दुप्पट केले की त्याच्या चौथा हिस्सा उरतो, म्हणजे जेमतेम सहाशे. वर पांढरी परावर्तक पत्रा-चकती लावली तर यात भर पडते, पण प्रमाण फारसे बदलत नाही. निरभ्र दिवशी दुपारचे ऊन एक लाख लक्सच्या आसपास असते, आणि साधारण ढगाळ दिवशीही उघड्यावर दहा हजारांच्या वर उजेड असतो. ‘लक्स’ हे माप मानवी डोळ्यासाठी आहे, पानाची गरज निराळ्या मापाने मोजावी लागते, हे खरे. तथापि ढोबळ अंदाजास ते पुरेसे आहे.

याचा अर्थ असा की दिवा पानांच्या अगदी जवळ हवा, आणि रोप वाढेल तसा तो रोज वर सरकवत राहिले पाहिजे. दिवा दूर राहिला की तुळशीची खोडे उंच, पांढुरकी आणि लेचीपेची होतात, पेरांतील अंतर वाढते, पाने विरळ येतात. सीएफएलचा एक गुण मान्य केला पाहिजे. तो तारेच्या बल्बइतका तापत नाही, म्हणून पानाजवळ नेता येतो. थंड पांढऱ्या, म्हणजे ६५०० केल्विनच्या दिव्यात निळा भाग अधिक असल्याने रोप बुटके व भरीव राहते. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली ते लवकर लांबते. मात्र असे चार दिवे रोज चौदा तास लावले, तर महिन्याला ३८-३९ युनिट वीज जाते. एवढ्यात चार कुंड्या, आणि त्यातून दोन-तीन रुग्णांना पुरेल इतकी पाने. बंद दमट खोलीत दिव्याच्या बुडातील चोकही लवकर जातो, तो खर्च वेगळा.

येथे एक गल्लत वारंवार होते, म्हणून थोडे विषयांतर क्षम्य समजावे. शेवंतीच्या शेतात रात्री दिवे लावतात. व्हिएतनाममध्ये बिन्ह थुआन प्रांतातील शेतकरी ड्रॅगन फ्रूटच्या बागांत आधी तारेचे बल्ब आणि पुढे सीएफएल लावून हंगामाबाहेर फुले आणू लागले. ही उदाहरणे दाखवून ‘पाहा, सीएफएलवर पीक येते’ असे सांगितले जाते. ते तसे नाही. तेथे वनस्पतीचे पोषण सूर्यच करतो. दिवा केवळ रात्र मोडतो आणि दिवस मोठा असल्याचा भास निर्माण करतो. शेवंतीची फुले त्याने लांबतात, ड्रॅगन फ्रूटची येतात. त्या कामास अत्यल्प उजेड पुरतो. दिव्यावरच पोट भरावयाचे असेल तर तो उजेड कुठल्या कुठे कमी पडतो.

आता द्रव्यगुणाच्या बाजूने पाहू. चरकाच्या कल्पस्थानात, पहिल्याच अध्यायात, औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी याचे वर्णन आहे. थंडी, ऊन, वारा आणि पाणी ज्या भूमीस यथाकाल लाभतात, तेथील वनस्पती ग्राह्य मानली आहे. पुढे शाखा-पाने वर्षा व वसंतात, मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात, असा ग्रहणकालही दिला आहे. सुश्रुताने तर भूमीच्या परीक्षेसाठी सूत्रस्थानात स्वतंत्र अध्यायच योजला आहे. कोणी म्हणेल, ही जुन्या काळची सोय होती. त्या वेळी दिवे कुठे होते? आम्हांस हा आक्षेप पटत नाही. वनस्पतीतील सुगंधी तेले, कटू द्रव्ये, रंगद्रव्ये ही बहुतांशी तिने ऊन, तहान, कीड आणि ऋतुबदल यांना दिलेली उत्तरे असतात. तुळशीची बहीण जो सब्जा, त्याच्या पानांवरील तैलग्रंथी सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी नीट भरतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आणि सीएफएलची काच नेमके तेच किरण जवळजवळ सर्व अडविते. बंद खोलीत बारा महिने एकच ऋतू असतो. तेथे वाढलेली तुळस दिसेल तुळशीसारखीच, पण तिच्यात तुळशीचे किती उतरले हे कोणत्या आधारावर सांगणार? रुग्णास मात्रा मात्र आपण ग्रंथोक्त देतो.

याहून गंभीर मुद्दा पाऱ्याचा आहे. रसशास्त्राच्या अभ्यासकास पारद नवा नाही, म्हणूनच कदाचित काचेच्या नळीतील पाऱ्याकडे आपले दुर्लक्ष होते. एका सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो. त्यावर कोणताही संस्कार झालेला नसतो, आणि दिवा फुटताच तो बाष्परूपाने खोलीत पसरतो. कुंड्यांवर एक वीत उंचीवर, पाणी शिंपडण्याच्या जागी, लोंबकळत्या वायरीला टांगलेला दिवा फुटणे ही दूरची शक्यता नव्हे. वनौषधीजन्य औषधांत पाऱ्याची मर्यादा १ पीपीएम आहे; १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या अशा औषधांना जड धातूंची चाचणी सक्तीची झाली, हे औषधनिर्मात्यांस स्मरत असेलच. ४ मिलिग्रॅम पारा ४ किलो मातीत पूर्ण मिसळला, तर त्या मातीतच तो १ पीपीएम होतो. त्यातील किती उडून जाईल, किती मातीत राहील आणि किती पानावर बसेल, याची मोजणी औषधालयात होणे नाही. म्हणून दिवा कुंडीवर फुटला, तर त्या कुंडीतील माती आणि वनस्पती औषधासाठी कायमची बाद समजावी. खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर राहावे, केरसुणी लावू नये, तुकडे जाड कागदाने उचलावे, बारीक भुकटी चिकटपट्टीने टिपावी आणि सर्व झाकणाच्या काचबरणीत बंद करावे.

जगानेही या दिव्याचा निरोप घेण्यास आरंभ केला आहे. २००९ च्या बचत लॅम्प योजनेत साध्या बल्बच्या किमतीत घरोघर सीएफएल पोहोचविण्याचा उपक्रम झाला. २०१५ मध्ये उजाला योजनेने एलईडी पुढे आणला. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि मार्च २०२२ मध्ये बाली येथील बैठकीत, चोक अंगभूत असलेल्या ३० वॅटपर्यंतच्या सीएफएलचे उत्पादन व आयात-निर्यात २०२५ पर्यंत थांबविण्याचे ठरले. तेवढाच उजेड सुमारे पंधरा वॅटचा एलईडी देतो, आणि त्यात पारा नसतो.

मग दिव्याखालील कुंडीस औषधालयात स्थानच नाही काय? आहे, आणि ते आम्ही महत्त्वाचे मानतो. ब्राह्मी आणि मंडूकपर्णी यांचा घोळ आपल्या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दोहोंची एकेक जिवंत कुंडी गल्ल्याजवळ असली, तर ताजा माल घेऊन आलेल्या विक्रेत्यासमोर पान पानाशी लावून पाहता येते. चित्र किंवा वाळका नमुना हे काम करू शकत नाही. सुदैवाने दोन्ही वनस्पती ओलावा मिळाला तर कमी उजेडातही तग धरतात. ब्राह्मी तर मत्स्यालयांत नळीच्या दिव्याखाली सर्रास वाढविली जाते. अडुळसा, निर्गुडी यांच्या फांद्यांना मुळे फुटेपर्यंतही सौम्य उजेड चालतो. विद्यार्थी आणि रुग्ण यांना दाखविण्यास याहून स्वस्त वनस्पतिसंग्रह कोणता?

औषधास लागणारी पाने मात्र कैनाडसारख्या ठिकाणाहून यावीत, असा आमचा आग्रह आहे. डहाणू तालुक्यातील या वारली वस्तीच्या गावात ऊन विकत घ्यावे लागत नाही. सुमारे २० अक्षांशावरील या पट्ट्यात जूनमधील दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधील अकरा तासांचा असतो. चार महिने पाऊस, मग थंडी, मग कडक उन्हाळा. चरकाने जे चार मागितले, ते चारही तेथे यथाकाल हजर आहेत. डहाणू-तलासरीच्या जंगलात कुडा, पळस, बेहडा, अडुळसा, गुळवेल आहेतच. याच डहाणूत १९९५ पासून ५०० मेगावॉटचे कोळशावरील वीजकेंद्र आहे आणि तेथील वीज मुंबईस जाते. जून १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित झालेल्या तालुक्यात कोळसा जाळून वीज करावी, ती मुंबईस न्यावी, तिच्यावर बंद खोलीत तुळस पिकवावी आणि तिकडे पाड्यावरच्या उन्हातील तुळशीस गिऱ्हाईक नसावे, हा व्यवहार आम्हांस उलटा वाटतो.

कैनाडच्या शेतकऱ्याला दिव्याची गरज नाही. मे महिन्यात रोपे तयार करताना तेथे अडचण उजेडाच्या कमतरतेची नसते, ती अति उन्हाची असते, आणि त्यावर शेडनेट पुरते. त्याला हवी आहे खरेदीची खात्री. कोणते पान, किती किलो, ओले की सावलीत वाळविलेले, कोणत्या महिन्यात आणि काय भावाने, हे औषधालयाने पेरणीपूर्वी कागदावर लिहून दिले, तर तो दोन गुंठे बाजूला ठेवू शकेल. चार-पाच औषधालयांनी मिळून मागणी दिली तर वाहतूक परवडते. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र याच तालुक्यात आहे. रोपवाटिकेविषयी तेथे विचारणा करता येईल.

तुळशीच्या बियांस उगवण्यास आठ-दहा दिवस आणि रोप लावणीयोग्य होण्यास पाच-सहा आठवडे लागतात. जूनअखेर पावसावर लागवड व्हावयाची, तर बी मेच्या मध्यापर्यंत पडले पाहिजे, म्हणजे मागणीचा कागद एप्रिलमध्येच पाड्यावर पोहोचला पाहिजे. आणि ज्यांच्या मागच्या खोलीत जुने सीएफएल अद्याप टांगलेले आहेत, त्यांनी ते न फोडता उतरवून खोक्यात उभे ठेवावेत आणि कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावेत.